कडू गेल्यावरची दोन मिनिटं

हंगाम चालू असताना कवडूजी कोणाशी भांडत नसत. रागावलं की तोंडाला कडू येतं, आणि मग रसातलं कडू कोणतं आणि आपलं कोणतं ते समजत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणून डिसेंबर ते मार्चमधली सगळी भांडणं ते राखून ठेवत आणि एप्रिलात कारखाना बंद झाला की एकेकाला गाठून शांतपणे उरकत. मॅनेजरसाहेबांनी जानेवारीत केलेल्या एका अपमानाबद्दल ते एप्रिलात त्यांच्या घरी जाऊन ओरडले, तेव्हा साहेबांना तो प्रसंगच आठवेना. शेवटी कवडूजींनीच त्यांना तो नीट आठवून दिला, तांब्याभर पाणी प्यायले आणि पुन्हा पहिल्यापासून ओरडले.

आमचा कारखाना म्हणजे सेलूच्या बाहेर, संत्र्याच्या बागाईतदारांच्या सोसायटीनं काढलेला सरबताचा लहानसा कारखाना. टिनाचं छप्पर, संत्री सोलणाऱ्या बायकांसाठी लांब ओटा, रस काढायचं यंत्र, स्टीलच्या दोन टाक्या आणि एका कोपऱ्यात माझी प्रयोगशाळा, म्हणजे एक टेबल. आणीबाणी लागायच्या आदल्या हंगामात मी तिथं केमिस्ट म्हणून लागले. वर्ध्याची, बी.एस्सी., वय तेवीस, आणि जे मोजता येत नाही ते नसतंच अशी ठाम समजूत. कवडूजी पन्नाशीला आलेले. राहायला हिंगणीला, येणं-जाणं सायकलनं. आधीची तीन भावंडं राहिली नाहीत, म्हणून आईनं शेजारणीकडून एका कवडीला विकत घेतल्याचं सोंग केलं आणि नाव कवडू ठेवलं. हजेरीपटावर ते ‘टाकी कामगार’ होते. पण अख्खा कारखाना त्यांच्या जिभेवर चालत होता आणि हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर दोन पेले आणून ठेवले.

“प्या, केमिष्टबाई.”

पहिला प्यायले. संत्र्याचा ताजा रस, गोड, घमघमीत. दुसऱ्याचा घोट घेतला आणि थुंकायला बाहेर धावले. ओट्यावरच्या बायका हसायला लागल्या. दर नव्या माणसाला हे होत असणार.

“काय घातलंत यात?”

“काईच नाई जी. हा आजचा, तो कालचा. झाड एक, संत्रं एक. आपल्या इकडच्या संत्र्याचा रस काढून ठिवला की दुसऱ्या दिवशी कडू होते. तापवला तर लवकरच होते. आता याले गोड कराचं तर साखर घालून होत नाई. कडू काढूनच घ्या लागते.”

ते काढून घेणारा होता कोळसा. आपला चुलीतला नव्हे. नागपूरहून पोत्यांतून येणारा, काजळासारखा बारीक, मुद्दाम भाजून बनवलेला. त्याच्या कणाकणात इतकी सूक्ष्म भोकं असतात की चिमूटभर कोळशाच्या आतल्या भिंती उलगडून पसरल्या तर वावराचा एक कोपरा झाकला जाईल. रसातला कडू पदार्थ या भिंतींना जाऊन चिकटतो. पुस्तकात याला अधिशोषण म्हणतात. मी कवडूजींना तो शब्द मोठ्या उत्साहानं समजावून सांगितला. शोषण वेगळं, अधिशोषण वेगळं. कोळसा काही पीत नाही, त्याच्या अंगाला नुसतं चिकटतं.

“पोटात जावो का अंगाले चिकटो,” कवडूजी म्हणाले, “हावरा तर हाय ना तो?”

काम साधं दिसायचं. चोथा गाळलेला रस टाकीत घ्यायचा, पाण्यात कालवलेला कोळसा त्यात सोडायचा आणि लाकडी वल्ह्यानं ढवळत राहायचं. पिवळाधमक रस बघता बघता शाईसारखा काळा होई. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, आता हे नालीत ओतावं लागणार. मग तो फिल्टर प्रेसमध्ये जायचा, कापडाच्या एकाआड एक पट्ट्यांतून दाबला जायचा आणि पलीकडे पुन्हा पिवळा होऊन बाहेर पडायचा. कोळसा कापडावर राही, कडू कोळशावर राही.

सगळी मेख ढवळणं कधी थांबवायचं यात होती. कोळशाला आवडनिवड नसते. तो कडू धरतो तसा वासही धरतो. संत्र्याला ज्यामुळे संत्रं म्हणायचं ते सगळं त्याच्या अंगाला चिकटू शकतं. फक्त कडूवर त्याचा जीव जरा जास्त. कवडूजी हे असं सांगत: “तो आंधी कडू खाते. कडू सरत आलं की वासाले हात घालते. कडू गेलं अन् वास अजून जाचा हाय, असे मधात दोन मिनिटं सापडते. तेवढ्यात आपण उठवलं पायजे त्याले पंगतीवरून.”

ती दोन मिनिटं ते जिभेनं धरत. टाकीशेजारी खिळ्याला एक लहान पितळी पेला टांगलेला असे. दर पाच मिनिटांनी पेलाभर काळा रस मलमलीच्या चौपदरी तुकड्यातून गाळायचा, नाकाशी न्यायचा, मग घोट तोंडात फिरवून थुंकायचा. दोनदा, तीनदा. चौथ्यांदा डोळे मिटायचे. ओट्यावरच्या गप्पा तेव्हा आपोआप थांबत. कवडूजी एक हात वर करत आणि म्हणत, “सोडा!” की लगेच टाकीखालचा कॉक उघडायचा. एखाद्या दिवशी हे पंधराव्या मिनिटाला व्हायचं, एखाद्या दिवशी अठ्ठाविसाव्या. काऊन म्हणून विचारलं तर म्हणत, “आजचा माल केळझरच्या बागेतला हाय. त्या जमिनीचं संत्रं जिद्दी रायते.”

मी वहीत लिहून घेई. केळझर, जिद्दी.

हे कसब त्यांनी हिंगणघाटच्या एका तेलाच्या गिरणीत मिळवलं होतं. तिथं सरकीच्या तेलाचा रंग काढायला असाच कोळसा वापरत. पण तेलाचं काम त्यांना आवडलं नाही. तेलातून सगळंच काढून टाकायचं असतं, त्यात काय मजा, असं ते म्हणत. इथं अर्धं काढायचं आणि अर्धं ठेवायचं होतं.

जिभेसाठी त्यांनी जे सोसलं ते विदर्भात जन्मलेल्या माणसानं सोसणं म्हणजे कमाल होती. चार महिने मिरची बंद. कांदा बंद, लसूण बंद, तंबाखू तर जन्मात बंद. दुपारी आम्ही डबे उघडले की ठेच्याच्या वासानं डोळ्यांना पाणी येई, आणि कवडूजी दूर सायकलपाशी बसून दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकर खात. टाकीजवळ गजरा चालायचा नाही, विडी चालायची नाही. मॅनेजरसाहेब केसांना सुवासिक तेल लावत, तर कवडूजींनी टाकीपासून पाच हातांवर चुन्याची रेघ मारून ठेवली होती आणि साहेब निमूटपणे तिच्यापलीकडून बोलत.

कोळशाच्या पोत्याचं सोवळं तर विचारू नका. त्याला कशाचाही वास लागतो, म्हणून ते उंच फळीवर, तोंड बांधून, ताडपत्रीत. एका वर्षी हंगामाच्या सुरुवातीला सोसायटीच्या अध्यक्षांनी यंत्रांची पूजा मांडली. कोळसाही कामाला येतो, म्हणून कोणीतरी भक्तिभावानं पोतं खाली उतरवलं, तोंड सोडलं, वर हळदकुंकू वाहिलं आणि शेजारी अर्धा तास कापूर जाळला. कवडूजी त्या दिवशी बाजाराला गेलेले. दुसऱ्या दिवशी निघालेला सगळा रस कापराचा. कवडूजींनी पहिला घोट घेतला, डोळे विस्फारले आणि पेला अध्यक्षांपुढे केला. अध्यक्ष म्हणाले, “वा! काय प्रसन्न वाटते हो, तीर्थावानी.” हंगाम असल्यामुळे कवडूजी भांडू शकले नाहीत. ते सायकल घेऊन बोर धरणापर्यंत गेले आणि परत आले.

वापरून झालेला कोळसा ते फेकू देत नसत. तो उन्हात वाळवून बायकांना दात घासायला वाटत. हंगामात त्या ओट्यावर कोणी हसलं की आधी काळं दिसायचं.

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती एप्रिलात. भांडणं उरकली की कवडूजी एक जेवण घालत. त्याला ते ‘जीभ सोडणं’ म्हणत. चार महिने बांधून ठेवलेली जीभ त्या दिवशी मोकळी. वच्छलाबाई, त्यांची बायको, दोन दिवस आधीपासून मसाले भाजत. वांग्याची भाजी, पाटवडीचा तर्रीदार रस्सा, लसणाचा ठेचा. ताट पुढे आलं की कवडूजी लगेच जेवत नसत. दोन्ही हातांनी ताट उचलून नाकाखाली धरत आणि डोळे मिटून बसून राहत. आम्ही हात आवरून बसलेलो. वच्छलाबाई चुलीपाशी उभ्या, पदराला हात पुसत, त्यांच्या तोंडाकडे बघत.

“चार महिने बिनमिरचीचं रांधून रांधून मी लगनाआधीचा स्वयंपाक भुलली होती बाई,” त्या मला म्हणाल्या. “आजचा एक दिवस मले वाटते का मी याच्या घरी हाय.”

कवडूजी डोळे न उघडता म्हणाले, “खोबरं जरा जास्त भाजलं तू.”

“हव. ध्यान नोतं.” आणि त्या अशा खूश झाल्या की मला मोठी गंमत वाटली.

आता माझ्याकडे येते, कारण आल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. मला कवडूजी आवडत होते, पण त्यांचं ‘सोडा’ मला खुपत होतं. दोन हंगाम मी प्रत्येक घाण्याची, म्हणजे एकावेळच्या टाकीभर रसाची, नोंद ठेवली. माल कुठला, आंबटपणा किती, गोडी किती, कोळसा किती, मिनिटं किती. त्यावरून एक तक्ता बनवला. तक्ता भिंतीला लावा, घड्याळ बघा, कॉक उघडा. कवडूजींनी तक्ता कौतुकानं वाचला. वाचता येई त्यांना, बोट फिरवत फिरवत.

“बरोबर हाय,” म्हणाले. “पण यात वासाचा रकाना नाई.”

वास मोजायचं साधन माझ्याकडे नव्हतं. मी म्हटलं, त्याची गरज नाही. ते हसले आणि तक्ता नीट गुंडाळून मला परत दिला. मला त्याचा राग आला. मी त्यांच्यासारखी एप्रिलात राग उरकून टाकणारी नव्हते, तो रोज थोडा थोडा धरून ठेवला.

तिसऱ्या हंगामात, जानेवारीच्या एका सकाळी, कवडूजी सायकलवरून पडले. हिंगणीच्या रस्त्यावर कॅनॉलपाशी उतार आहे, तिथं धुक्यात समोर बैल आला. पाठीवर आपटले, डोक्याला मागे टेंगूळ आलं. रक्त नाही, जखम नाही. तीन दिवसांनी कामावर आले, टोपी जरा पुढे ओढलेली. “काई नाई झालं जी. टाळकं मजबूत हाय,” म्हणाले आणि पेला खिळ्यावरून काढला.

त्यानंतर त्यांच्यात थोडा फरक पडला. पेला नाकाशी नेत, घोट घेत, पण हात वर होत नसे. पुन्हा घोट, पुन्हा घोट. अठराच्या जागी तीस मिनिटं, पस्तीस मिनिटं. आणि एक नवीन सवय लागली. पेला घेऊन ते ओट्याकडे जात, कोणातरी बाईपुढे धरत आणि म्हणत, “पाह्य वं भागाबाई, कसा हाय?” भागाबाई पीत, आणि कवडूजी तिच्या तोंडाकडे एकटक बघत राहत. बायकांना बरं वाटे. म्हातारा पडल्यापासून मायाळू झाला, असं त्या म्हणत. मला वाटलं, काम टाळायला लागले.

फेब्रुवारीत नागपूरच्या दुकानदारांच्या तक्रारी आल्या. सरबत कडू नाही, पण संत्र्याचंही नाही, नुसतं गोड पाणी. मॅनेजरसाहेबांनी मला बोलावलं. मी याच दिवसाची वाट पाहत होते. म्हटलं, कोळसा जास्त वेळ ठेवला जातोय, वास निघून चाललाय. चाखणं बंद करा, तक्ता लावा.

“कवडूजी आयकतीन का पण?”

“परीक्षा घेऊ,” मी म्हणाले. “सगळ्यांसमोर.”

हे माझे शब्द. दुसऱ्या कोणाचे नव्हेत.

परीक्षा मी अगदी शास्त्रशुद्ध मांडली. तीन पेले. पहिल्यात तक्त्याप्रमाणे वेळेवर गाळलेला रस, वासाचा, किंचित कडवट झाक राहिलेला. दुसऱ्यात तोच रस, पण कोळशात दुप्पट वेळ ठेवलेला. तिसऱ्यात संत्रं नव्हतंच. साखर, लिंबूसत आणि खायचा रंग घालून केलेलं पाणी. मॅनेजरसाहेब, सोसायटीचे दोन सभासद आणि ओट्यावरच्या सगळ्या बायका भोवती उभ्या. कोणता पेला कुठला हे फक्त मला माहीत. कवडूजींना माझ्या चेहऱ्यावरून अंदाज येऊ नये म्हणून मी चेहरा कोरा ठेवला. त्याचाही मी घरी आरशासमोर सराव केला होता.

कवडूजींनी पहिला पेला नाकाशी नेला, घोट घेतला. माझ्याकडे बघितलं. मी भिंतीसारखी. दुसरा घेतला, बघितलं. तिसरा घेतला, तोंडात बराच वेळ फिरवला आणि पुन्हा माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. इतका वेळ की मला अवघडल्यासारखं झालं.

“पह्यल्यात कडू हाय जरासं,” ते सावकाश म्हणाले. “दुसरा बरा हाय. हा तिसरा... यात कडू नावाले नाई. हाच चांगला हाय. हाच.”

मॅनेजरसाहेबांनी तिसऱ्यातला उरलेला घोट घेतला आणि मोठ्यानं हसले. “कवडूजी, अहो यात संत्रंच नाई! पाणी हाय नुसतं!” सभासदही हसले. बायका हसल्या नाहीत. भागाबाईनं तोंडाला पदर लावला.

कवडूजींनी आपला पितळी पेला खिळ्यावरून काढून धुतला. धुवायला त्यांनी फार वेळ लावला. मग माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात, मलाच ऐकू येईल असं म्हणाले, “बाई, तुमचं तोंड आज काईच बोललं नाई.”

तेव्हा मला समजलं. महिनाभर ते रस चाखत नव्हते, माणसं वाचत होते. आणि ज्या एका चेहऱ्यावर त्या दिवशी त्यांची सगळी इज्जत अवलंबून होती, तो मी घासूनपुसून कोरा करून आणला होता. मला पुढे होऊन काहीतरी बोलायचं होतं, परीक्षा रद्द आहे, माझी चूक झाली, काहीही. मी वही उघडली आणि निकाल लिहिला. कवडूजींनी पेला खिळ्याला टांगला आणि चुन्याच्या रेघेपलीकडे गेले. त्यानंतर ते टाकीजवळ कधी आले नाहीत. गेटपाशी संत्र्यांच्या क्रेट उतरवून घ्यायचं काम त्यांनी स्वतःच मागून घेतलं.

एप्रिल आला. मी रोज वाट पाहत होते. मॅनेजरसाहेबांच्या घरी ते भांडून आले म्हणे. अध्यक्षांशीही भांडले. माझ्याकडे आले नाहीत. शेवटी मीच एस.टी.नं हिंगणीला गेले, भांडण मागायला.

कवडूजी बाहेर गेले होते. वच्छलाबाईंनी मला चुलीजवळ पाट दिला. मी काही विचारायच्या आधीच त्या बोलायला लागल्या.

“मले पह्यल्या हप्त्यातच समजलं बाई. दूध उतू गेलं, करपलं, घरभर धूर. अन् हा माणूस चुलीसमोर बसून पाय शेकून राह्यला. मी काई बोलली नाई. तो मले सांगत नाई तर मी काऊन सांगू का मले मालूम हाय?” त्यांनी फुंकणीनं निखारे सारखे केले. “परवा जीभ सोडली. लोक आले नाई यंदा, त्यानं बोलावलेच नाई. मी सगळं केलं. त्यानं ताट उचललं, नाकापाशी धरलं, डोळे मिटले. दरवर्षीसारखं. मी मुद्दाम खोबरं जाळून ठिवलं होतं, कोळसा होईस्तोर. मले म्हणते, ‘वा वच्छले, यंदा बरोबर जमलं.’”

त्या रडल्या नाहीत. मी मात्र रडले, आणि त्यांनी मला पाणी दिलं.

कवडूजी आल्यावर मी माफी मागायला सुरुवात केली. त्यांनी हातानंच थांबवलं.

“तुमचं काई चुकलं नाई. माल खराब जात होता, तुमी धरला. मी लपवून राह्यलो होतो, चूक माझी हाय. मले वाटलं, वास येईन आठ-पंधरा दिवसांत वापस.” मग म्हणाले, “गोड समजते. आंबट समजते. कडू तर चांगलंच समजते. पण कशाचं गोड हाय, ते समजत नाई. भाजी खाल्ली तर खारट हाय एवढं समजते, वांगं हाय का भेंडी ते डोयानं पाहा लागते. त्या रसावानीच झालं माझं. जास्त वेळ राह्यला कोळशात.”

पुढच्या आठवड्यात मी त्यांना वर्ध्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी लवंग, कापूर, रॉकेलचा बोळा असं एकेक नाकाशी धरलं. कवडूजी प्रत्येक वेळी नम्रपणे म्हणाले, “नाई जी.” डॉक्टर म्हणाले, डोक्याला मागून मार बसला की पुढे नाकातल्या बारीक नसा तुटतात, कधी जुळतात, कधी नाही. तीन महिने गेले, वर्ष गेलं. जुळल्या नाहीत.

तक्ता भिंतीवर लागला. माझं सरबत वाईट नव्हतं. तक्रारी थांबल्या, मॅनेजरसाहेबांनी पाठ थोपटली. पण कवडूजींच्या हाताखालून निघालेल्या रसाची बाटली उघडली की खोलीत जे पसरायचं, ते माझ्या बाटलीतून कधी निघालं नाही. मी मिनिटं मागेपुढे करून पाहिली, कोळसा कमीजास्त केला. पितळी पेला घेऊन चोरून चाखूनही पाहिलं. मला ती दोन मिनिटं एकदाही सापडली नाहीत. कवडूजी गेटपाशीच क्रेट मोजत उभे असत, आणि त्यांना विचारून उपयोग नव्हता. आणखी काही हंगाम असे गेले. मग कारखानाच बंद पडला आणि मी नागपूरला नोकरी धरली.

वच्छलाबाई गेल्याचं मला उशिरा समजलं. भागाबाईची मुलगी सीताबर्डीच्या बाजारात भेटली, तिनं सांगितलं. तोवर दोन महिने होऊन गेले होते. एका रविवारी दुपारी मी हिंगणीला गेले.

कवडूजी थकले होते. घर झाडलेलं, भांडी जागच्या जागी. मुलगी पुलगावला दिलेली, ती ये म्हणते, पण हे जात नाहीत. चहा त्यांनी स्वतः केला. दूध तापेपर्यंत भांड्यावरची नजर हलवली नाही, मी बोलत होते तरी. मला वाटलं, बाईंबद्दल काहीतरी बोलावं. पण आम्ही चहा प्यायलो. पाऊसपाण्याचं बोललो.

मी निघायला उठले तेव्हा ते म्हणाले, “बाई, एक इचारू? तुमी शिकलेल्या हा. लोक म्हणतेत, माणूस गेल्यावर त्याच्या कपड्यात त्याचा वास रायते. खरं हाय?”

“राहतो,” मी म्हणाले.

“किती दिवस?”

“धुतलं नाही, हवा लागू दिली नाही, तर पुष्कळ दिवस.”

ते उठले. खाटेखालची लोखंडी पेटी ओढली, वरचे आपले कपडे बाजूला काढले आणि तळातून प्लॅस्टिकची एक जाड पिशवी काढली. तोंड सुतळीनं घट्ट बांधलेलं. आत हिरवं लुगडं होतं.

“आदल्या दिवशी सोडून दांडीवर टाकलं होतं तिनं. धुवाचं होतं. मी कोणालेच हात लावू देल्ला नाई, पोरीलेबी नाई. पण मले कसं समजीन?” सुतळीची गाठ त्यांच्या बोटांना सुटत नव्हती, तरी त्यांनी ती मला सोडू दिली नाही. पिशवीचं तोंड जरासंच उघडून माझ्यापुढे धरलं. “पाहा ना बाई. हाय का अजून?”

मी वाकले. प्लॅस्टिकचा वास होता आणि पेटीच्या गंजाचा. मी पुन्हा श्वास घेतला, छाती भरून घेतला. दुसरं काही नव्हतं.

“हाय,” मी म्हणाले.

“कसा हाय?”

“चुलीच्या धुराचा आहे. आणि थोडा त्यांच्या डोक्याच्या तेलाचा.”

“तिळाचं लावे ती.”

“हो. तिळाचाच आहे.”

त्यांनी मान हलवली. घाईघाईनं पिशवीचं तोंड आवळलं, आतली हवा तळहातांनी हळूहळू दाबून काढली आणि सुतळीचे चार वेढे देऊन गाठ मारली.

“मंग आता नाई उघडत,” ते म्हणाले. “उगा उडून जाईन.”

पिशवी त्यांनी पेटीच्या तळाशी ठेवली आणि तिच्यावर आपले सदरे आणि धोतरं एकेक करून रचायला लागले.